आघाडी ब्रिक्सची, चलन डॉलरचं

१९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वुड्सच्या एका डोंगराळ हॉटेलात, ४४ देशांची शिष्टमंडळं तीन आठवडे मुक्काम ठोकून होती. नॉर्मंडीत लढाई चालू होती आणि इथे युद्धानंतरच्या जगाचा पैशाचा कारभार ठरत होता. भारत पारतंत्र्यात होता, तरी त्याचं शिष्टमंडळ वेगळं होतं. नेतृत्व अर्थातच सर जेरेमी रेझमन या ब्रिटिश अर्थसदस्याकडे. पण सोबत षण्मुखम चेट्टी होते, टाटांचे ए. डी. श्रॉफ होते आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचे देशमुख गव्हर्नर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

या मंडळींचं पहिलं गाऱ्हाणं उधारीचं होतं. युद्धासाठी ब्रिटनने भारताकडून माल आणि मनुष्यबळ उचललं, त्याचे पैसे लंडनमध्ये नुसते खात्यावर मांडले. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सुमारे १.३ अब्ज पौंडांवर गेली. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली ती याच काळात. तिथे ठरत असलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या रकमेचा काही भाग तरी मोकळा करण्याची सोय करावी, ही भारताची मागणी ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी मानली नाही. हा ब्रिटन आणि भारत यांचा आपसातला मामला आहे, असं ठरवून विषय मिटवला गेला.

दुसरी मागणी कोट्याची. नाणेनिधीत ज्याचा कोटा मोठा त्याची मतं जास्त. अमेरिकेला २७५ कोटी डॉलर, ब्रिटनला १३० कोटी, सोव्हिएत संघाला १२० कोटी, च्यांग कै-शेकच्या चीनला ५५ कोटी, फ्रान्सला ४५ कोटी आणि भारताला ४० कोटी, असं वाटप झालं. एकूण बेरीज ८८० कोटींची. चीनच्या बरोबरीचा आग्रह फळला नाही. पुढे सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही, म्हणून भारत पाचवा ठरला आणि पहिल्या पाचांना मिळणारी संचालक नेमण्याची खुर्ची त्याला लाभली. ती बरीच वर्षं टिकली.

आता हा हिशेब आजच्या आकड्यांशी लावून पाहावा. १९४४ मध्ये पारतंत्र्यातल्या भारताचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास होता. आज जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत गणला जाणाऱ्या भारताचा वाटा २.७५ टक्के आहे. चीनचा तेव्हा सव्वासहा होता, आज ६.४ आहे, दरम्यान चीनची अर्थव्यवस्था कुठून कुठे गेली हे सांगायला नको. अमेरिकेचा वाटा एकतीस टक्क्यांवरून साडेसतराच्या घरात आला, मतं साडेसोळा टक्के राहिली. तरी तिचा नकाराधिकार शाबूत आहे, कारण महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. पूर्वी ८० पुरत असत. अमेरिकेचा वाटा उतरत गेला तसा उंबरठा वर गेला.

प्रमुखपदांची वाटणी तर कुठल्याही करारात लिहिलेली नाही, तरी ती कधी मोडली नाही. ब्रेटन वुड्सलाच ठरलेल्या जागतिक बँकेवर अमेरिकेचा माणूस, नाणेनिधीवर युरोपचा. २०२३ मध्ये अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या जन्मगावाची, पुण्याजवळच्या खडकीची, कौतुकाने नोंद घेतली. खडकी छावणीत जन्मलेला माणूस त्या खुर्चीत बसला हे खरंच. बसवला मात्र अमेरिकेने, अमेरिकी नागरिक म्हणून.

ही घडी अन्यायाची आहे असं म्हणणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. १९५५ च्या एप्रिलमध्ये बांडुंगला २९ देश जमले. १९६४ मध्ये ७७ विकसनशील देशांचा गट झाला. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा मंजूर केला. ठरावांची भाषा तेजस्वी होती आणि हातात काही नव्हतं. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नसल्याचं सांगितलं आणि लॅटिन अमेरिकेतले एकेक देश नाणेनिधीच्या दारात रांगेला लागले. जाहीरनाम्याचं नाव पुढे कुणी फारसं काढलं नाही.

त्या दारात उभं राहणं काय असतं ते भारतालाही १९९१ मध्ये कळलं. परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण पाठवलं आणि ४० कोटी डॉलर उभे केले. आग्नेय आशियाची पाळी १९९७-९८ मध्ये आली. जानेवारी १९९८ मधलं जाकार्तातलं एक छायाचित्र त्या भागात आजही विसरलेलं नाही: इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो टेबलावर वाकून कर्जाच्या करारावर सही करताहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेसू हाताची घडी घालून मागे उभे आहेत. कामदेसूंच्या मनात काय असेल ते असो, इंडोनेशियाने त्यात मास्तर आणि विद्यार्थी पाहिले. त्यानंतर आशियाई देशांनी परकीय चलन साठवायला सुरुवात केली ती आजवर थांबलेली नाही. पुन्हा हात पसरायचा नाही, ही त्यामागची साधी गोष्ट. नव्या आघाड्यांचं मूळ मला बांडुंगपेक्षा या जाकार्तातल्या टेबलापाशी जास्त दिसतं.

ब्रिक हे नाव तर गुंतवणूकदारांसाठी निघालं. गोल्डमन सॅक्सचे जिम ओनील यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये एका टिपणात ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्या वाढीचा वेध घेतला आणि आद्याक्षरं जुळवली. न्यूयॉर्कच्या बँकेतल्या अर्थतज्ज्ञाने केलेल्या बारशावर चार देशांनी पुढे राजकीय संसार थाटला. २००६ मध्ये परराष्ट्रमंत्री भेटले. जून २००९ मध्ये रशियातल्या येकातेरिनबर्गला पहिली शिखर परिषद झाली. दक्षिण आफ्रिका २०११ मध्ये चीनमधल्या सान्या परिषदेला आली आणि ब्रिकचं ब्रिक्स झालं.

त्याआधी एक रंगीत तालीम झाली होती, तिची आठवण फारशी निघत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनला जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद होती. शेतीच्या अनुदानांवर अमेरिका आणि युरोप यांनी आपसात ठरवलेला मसुदा बाकीच्यांपुढे ठेवला. ब्राझीलचे सेल्सो अमोरिम आणि भारताचे अरुण जेटली यांच्यासह वीसेक विकसनशील देशांच्या गटाने तो अडवला. परिषद निर्णयाविना संपली. ठराव मागण्याऐवजी सौदा अडवून धरता येतो, हे त्या दिवशी दिसलं.

२००८ च्या मंदीने या देशांचा भाव आणखी वाढवला. संकट वॉल स्ट्रीटवर उगवलं आणि ते निस्तरायला जी-२० च्या नेत्यांची बैठक बोलवावी लागली. सात श्रीमंतांच्या गटाने ते काम भागण्यासारखं नव्हतं. नाणेनिधीला जादा पैसे हवे होते आणि ते चीन, भारत, ब्राझील यांच्याकडे होते. बदल्यात कोट्यात थोडी दुरुस्ती कबूल झाली. डिसेंबर २०१० मध्ये ती मंजूरही झाली. मग अमेरिकेच्या काँग्रेसने ती पाच वर्षं अडवून ठेवली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती एकदाची लागू झाली. एका देशाच्या संसदेतल्या अंतर्गत भांडणासाठी सगळं जग थांबलं. या पाच वर्षांत ज्या दोन गोष्टी जन्माला आल्या, त्यांचं श्रेय मी त्या अडवणुकीलाच देतो.

त्यातली पहिली ब्रिक्सची न्यू डेव्हलपमेंट बँक. कल्पना २०१२ च्या दिल्ली परिषदेत भारताने मांडली, करार जुलै २०१४ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझाला झाला. चीनची ऐपत बाकीच्यांच्या कितीतरी पट होती आणि जास्त भांडवल घालायची त्याची तयारी होती, असं त्या वेळच्या बातम्यांत वारंवार आलं. भारताने समान वाट्याचा हट्ट सोडला नाही. प्रत्येकाने दहा अब्ज डॉलर घालायचे आणि मतं सारखी. मुख्यालय शांघायला गेलं. पहिलं अध्यक्षपद भारताकडे आलं आणि मुंबईत आयसीआयसीआय बँक वाढवलेले के. व्ही. कामत २०१५ मध्ये तिथे बसले. मोठ्या निर्णयांना पाचपैकी चार संस्थापकांचा होकार लागतो. म्हणजे एकट्या कुणालाही, चीनलाही, नकाराधिकार नाही. नवे सभासद कितीही आले तरी पाच संस्थापकांची मतं ५५ टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाहीत, हेही लिहून ठेवलं आहे. ब्रेटन वुड्सच्या नियमावलीवर टीका करणाऱ्यांनी स्वतःची नियमावली लिहिताना आपल्या खुर्च्यांची तजवीज केलीच, याची गंमत वाटते. तरी समान वाटा ही किरकोळ गोष्ट नाही. चीनबरोबर बरोबरीने बसायला मिळतं अशी दुसरी मोठी वित्तसंस्था भारताकडे नाही. बीजिंगच्या एशियन इन्फ्रास्ट्रक्चर बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागीदार आहे, २०१८ ची तिची वार्षिक सभा मुंबईत भरली. पण तिथे चीनकडे सव्वीस टक्क्यांवर मतं आहेत आणि मोठा निर्णय त्याच्याशिवाय होत नाही.

या बँकेने काय केलं ते पाहायला शांघायला जायला नको. अंधेरी आणि दहिसरच्या पट्ट्यात धावणाऱ्या मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिका, आणि त्यांच्या जोडीची २ब, यांसाठी तिने २०१८ मध्ये २६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. याच मार्गिकांना जपानच्या प्रभावाखालच्या आशियाई विकास बँकेने ९२.६ कोटी डॉलर दिले. कुलाबा ते आरे भुयारी मार्गिकेचं मोठं कर्ज जपानच्या जायका संस्थेचं. मुंबईकर प्रवाशाला यातलं काही ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. पण उगवत्या देशांचं धोरण नेमकं काय आहे हे कुठल्याही शिखर परिषदेच्या घोषणेपेक्षा या कर्जांच्या यादीत स्पष्ट वाचता येतं. जुन्या दारात जाणं कुणी थांबवलेलं नाही. नवं दार उघडलं की जुन्या दारात जरा ताठ उभं राहता येतं, एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो पुरेसा आहे. आकाराने तर बरोबरी होण्यासारखी नाहीच. न्यू डेव्हलपमेंट बँकेने दहा वर्षांत मिळून सुमारे ४० अब्ज डॉलरची कर्जं मंजूर केली. जागतिक बँक समूह एका वर्षात शंभर अब्जांवर जातो.

फोर्तालेझालाच जन्मलेली दुसरी गोष्ट म्हणजे आकस्मिक राखीव निधीची व्यवस्था. कागदावर हा निधी १०० अब्ज डॉलरचा आहे: चीनचे ४१, ब्राझील, रशिया आणि भारत यांचे प्रत्येकी १८, दक्षिण आफ्रिकेचे ५. एखाद्या सभासदाची परकीय गंगाजळी आटली तर बाकीच्यांनी डॉलर पुरवायचे. करारातलं एक कलम मात्र नीट वाचण्यासारखं आहे. संकटातल्या देशाला आपल्या हक्काच्या रकमेतले फक्त ३० टक्के थेट मिळतात. उरलेले ७० टक्के हवे असतील तर त्याने आधी नाणेनिधीशी कर्जाचा करार केलेला असला पाहिजे. सावकाराच्या जाचाला कंटाळून शेजाऱ्यांनी भिशी काढावी आणि नियम असा करावा की मोठी रक्कम हवी असेल तर सावकाराची चिठ्ठी आणा, तसा हा प्रकार. यात ढोंग नाही. चीनला आपले ४१ अब्ज बुडायला नको आहेत, आणि कर्जदाराला शिस्त लावण्याचं अप्रिय काम दुसरं कुणी केलं तर त्याला हवंच आहे. जाकार्तातल्या त्या छायाचित्रात हाताची घडी घालून उभं राहायला यांच्यातला कुणी तयार नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये या सगळ्या बांधणीची परीक्षा झाली. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांत अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. रशियाच्या अनेक बँका स्विफ्ट या संदेशजाळ्यातून काढल्या. दुसऱ्याच्या चलनात साठवलेली पुंजी दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे इतक्या मोठ्या देशाच्या बाबतीत कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ब्रिक्सच्या स्वतःच्या बँकेने काय केलं? मार्चच्या सुरुवातीला तिने रशियातले नवे व्यवहार थांबवले. आपल्याच संस्थापकाचे. बँक जागतिक रोखेबाजारातून डॉलर उचलून कर्जं देते. तिथली पत घसरली असती तर दुकानच बंद पडलं असतं. २०२३ मध्ये बँकेच्या प्रमुख झालेल्या डिल्मा रूसेफ यांनीही रशियात नवे प्रकल्प घेणार नसल्याचं सांगितलं. डॉलरला पर्याय म्हणून जिचं कौतुक होतं ती बँक डॉलरच्या बाजाराचा कायदा मोडू शकली नाही. दिखाऊ घोषणांपेक्षा या एका निर्णयातून मला जास्त कळलं.

तरीही जग जागच्या जागी राहिलं नाही. जगातल्या मध्यवर्ती बँकांनी २०२२ पासून सलग तीन वर्षं हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. रिझर्व्ह बँकेचा साठा सप्टेंबर २०२४ अखेर ८५४ टनांवर गेला आणि त्यातलं ५१० टन देशातच होतं; सहा महिन्यांपूर्वी हा आकडा ४०८ होता. १९९१ मध्ये लंडनला तारण पाठवणारी बँक आता लंडनचं सोनं घरी आणते आहे. त्याबद्दल मोठं विधान कुणी केलं नाही. मध्यवर्ती बँका अशा बाबतीत बोलत नाहीत.

रुपयाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं झालं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना भारतीय बँकांत विशेष व्होस्ट्रो खाती उघडून रुपयांत व्यापार मिटवण्याची मुभा दिली. युद्धापूर्वी भारताच्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो तिशी-चाळिशीत गेला. रुपये साठू लागले. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव्ह गोव्यात आले होते. बाणावलीच्या किनाऱ्यालगतच्या त्या बैठकीनंतर पत्रकारांशी बोलताना त्यांनी उघडच सांगितलं, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील, ही अडचण आहे. अडचण कशी नसेल? २०२४-२५ मध्ये भारताने रशियाकडून जवळजवळ ६४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि पाच अब्जांपेक्षा कमीचा विकला. रशियाने त्या रुपयांचं करायचं काय? तेलाचा बराच हिशेब मग अमिरातीच्या दिरहममध्ये होऊ लागला, आणि दिरहम स्वतः डॉलरला बांधलेला आहे.

डॉलरचा जागतिक गंगाजळीतला वाटा या शतकाच्या सुरुवातीला ७० टक्क्यांच्या वर होता, तो अठ्ठावन्नच्या आसपास आला आहे. पण सुटलेली जागा चीनच्या युआनने घेतलेली नाही; त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आगेमागे घुटमळतो. भांडवलावरची बंधनं चीन उठवत नाही, आणि आपली सगळी पुंजी बीजिंगच्या मर्जीवर ठेवावी असं ब्रिक्समध्येही कुणाला वाटत नाही. यातले सर्वांत सावध आपण आहोत. डॉलर हटवणं हे भारताचं धोरण कधीच नव्हतं, असं परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी डिसेंबर २०२४ मध्ये दोहात स्पष्ट केलं. त्याच्या आठवडाभर आधी डोनाल्ड ट्रम्प यांनी ब्रिक्सने स्वतःचं चलन काढलं तर शंभर टक्के आयातशुल्काची धमकी दिली होती. जे चलन निघण्याची शक्यताच नव्हती, त्याला घाबरून दिलेली धमकी.

आघाडी मात्र फुगत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गला सहा देशांना निमंत्रण गेलं. अर्जेंटिनात सत्ताबदल होऊन हावियर मिलेई आले आणि त्यांनी नकार कळवला. इजिप्त, इथिओपिया, इराण आणि अमिराती आत आले. सौदी अरेबियाने होही म्हटलं नाही आणि नाहीही. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया सभासद झाला, तोच सुहार्तोंचा इंडोनेशिया. या गर्दीत इराण आणि अमिराती एकमेकांकडे संशयाने पाहतात, इजिप्त आणि इथिओपिया नाईलच्या धरणावरून भांडतात, आणि भारत-चीन सीमेवर २०२० मध्ये गलवानला रक्त सांडलं. अशा मंडळींत एकमताचा ठराव होतो तो फार पातळ होतो. पाश्चात्त्य स्तंभलेखक यावरून ब्रिक्सची टर उडवतात. त्यांचं एक निसटतं: हे देश मैत्रीसाठी जमत नाहीत. प्रत्येकाला आपल्यावर उद्या येऊ शकणाऱ्या निर्बंधाची किंवा शुल्काची धास्ती आहे, आणि धास्ती वाढवण्याचं काम वॉशिंग्टन चोख करतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतावर आणि ब्राझीलवर अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. भारताचा गुन्हा रशियाचं तेल, ब्राझीलचा माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला. महिना संपायच्या आत भारताचे पंतप्रधान सात वर्षांनंतर चीनमध्ये, तियानजिनला होते.

पण चीन तरी वेगळा कुठे? एप्रिल २०२५ मध्ये त्याने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. लक्ष्य अमेरिका होती, फटका सगळ्यांना बसला. पुण्याच्या बजाज ऑटोने चेतक या विजेवरच्या स्कूटरचं उत्पादन चुंबकांअभावी थांबण्याची वेळ येईल असा इशारा दिला. ब्रिक्सचा सभासद असल्याची सवलत बजाजच्या आकुर्डीतल्या कारखान्याला मिळाली नाही. मूळ पाच देशांत चीनची अर्थव्यवस्था उरलेल्या चौघांच्या बेरजेच्या दुप्पट आहे. अमेरिकेचा दबाव कमी करायला जी आघाडी लागते, तिच्यातच चीनला आवरायला समान मतांची बँक लागते. भारताचं ब्रिक्समधलं निम्मं काम हे दुसरं आहे आणि ते जाहीर निवेदनात येत नाही.

खरा बदल आणखी कमी गाजावाजाच्या जागी चालू आहे. २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं जी-२० चं अध्यक्षपद इंडोनेशिया, भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका यांच्याकडे गेलं आणि दिल्लीत आफ्रिकी संघाला खुर्ची मिळाली. उलट नाणेनिधीत डिसेंबर २०२३ मध्ये कोटे ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं ते सर्वांचे सारख्याच प्रमाणात, म्हणजे वाटे होते तिथेच. जिथे नवी जागा निर्माण करता येते तिथे हे देश शिरले. जिथे कुणाची जागा काढून घ्यावी लागते तिथे ऐंशी वर्षांपूर्वीचा नकार अजून चालतो.

२०२६ चं ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे आहे. चलनाचा विषय तो काढणार नाही, हे ओळखायला मुत्सद्दी असण्याची गरज नाही. मुंबईत रिझर्व्ह बँकेने मात्र २०२५ च्या ऑगस्टपासून आपल्या पद्धतीने गाठी सोडवायला घेतल्या आहेत. व्होस्ट्रो खातं उघडायला आधी तिची परवानगी लागायची, ती अट गेली. त्या खात्यांत पडून राहणारे रुपये भारत सरकारच्या रोख्यांत घालण्याची वाट मोकळी झाली. ऑक्टोबरमध्ये भूतान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या ग्राहकांना व्यापारासाठी रुपयांत कर्ज देण्याची मुभा भारतीय बँकांना देण्याचं जाहीर झालं. लाव्हरोव्ह गोव्यात ज्या रुपयांबद्दल कुरकुरत होते त्यांना आता निदान व्याज मिळू शकतं. रशियाने विकत घेण्याजोगा माल आपण किती बनवतो, हा प्रश्न शिखर परिषदेच्या टेबलावर सुटणारा नाही, तो चाकण आणि औरंगाबादच्या कारखान्यांत पडून आहे.